पाठशाळेत प्रश्नाला जागा हवी
महाराष्ट्रातील जिनमंदिरे, स्थानके आणि जैन पाठशाळा यांच्या विश्वस्त मंडळांस खुले पत्र



सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, मुंबई आणि विदर्भातील कित्येक गावांत शनिवार-रविवारी भरणाऱ्या जैन पाठशाळांचे रूप पालटू लागले आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींपुरते असलेले हे वर्ग आता महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आणि नुकत्याच नोकरीधंद्याला लागलेल्या तरुणांनाही बोलावतात; सकाळच्या पूजेनंतर सभागृहात गोलाकार बसून चर्चा करणे, एखादी पुराणकथा नाट्यरूपाने सादर करणे, कर्मसिद्धांतावर बेतलेला खेळ खेळणे आणि सूर्यास्तापूर्वी एकत्र जेवून घरी परतणे, असा त्यांचा दिवस जातो. विश्वस्त मंडळांत याविषयी दोन भावना आढळतात. तरुण मंडळी मंदिराकडे वळत आहेत याचे समाधान तर आहेच, पण त्याच वेळी धर्मशिक्षणाची करमणूक होईल, विनय सुटेल आणि पाठांतर मागे पडेल, अशी धास्तीही आहे. हे पत्र तरुणांच्या या मेळाव्यांच्या बाजूने लिहिलेले आहे. मात्र उपस्थितीच्या आकड्यांवर त्यांचे समर्थन करणे पुरेसे नाही, कारण गर्दी खेळाच्या ओढीनेही जमते आणि खेळ संपला की ओसरते. मेळाव्यांचे खरे समर्थन जैन शास्त्रांनी स्वाध्यायाची जी व्याख्या केली आहे तिच्यात सापडते, आणि मंडळांकडे करावयाची विनंतीही त्याच व्याख्येतून निघते.

तत्त्वार्थसूत्र हा दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांनी प्रमाण मानलेला, दहा अध्यायांचा संस्कृत सूत्रग्रंथ आहे. त्याच्या नवव्या अध्यायात तपाचे बाह्य आणि आभ्यंतर असे दोन विभाग केले असून, प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य म्हणजे साधूंची सेवाशुश्रूषा, व्युत्सर्ग आणि ध्यान यांच्या पंक्तीला स्वाध्यायाला आभ्यंतर तपांमध्ये बसविले आहे. स्वाध्यायाचे पुन्हा पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना म्हणजे ग्रंथाचे आणि त्याच्या अर्थाचे शिक्षण, पृच्छना म्हणजे विचारणे, अनुप्रेक्षा म्हणजे शिकलेल्यावर मनात चिंतन करणे, आम्नाय म्हणजे शुद्ध उच्चारासह घोकणे, आणि धर्मोपदेश म्हणजे दुसऱ्याला समजावून सांगणे. श्वेतांबर आगमांत घोकण्याला परावर्तना आणि उपदेशाला धर्मकथा म्हटले आहे; पृच्छना आणि अनुप्रेक्षा ही नावे मात्र दोहोंकडे तीच आहेत. आज चालणाऱ्या बहुतेक पाठशाळा या पाचांच्या कसोटीवर तपासल्या, तर त्या मुख्यतः एकाच अंगावर उभ्या असल्याचे दिसते, आणि ते अंग म्हणजे आम्नाय. णमोकार मंत्रापासून आरंभ करून लोगस्स, प्रतिक्रमणाची सूत्रे, भक्तामर स्तोत्र, छहढाला असा क्रम लागतो; किती गाथा पाठ झाल्या यावर मुलाची प्रगती मोजली जाते आणि तिच्यानुसार प्रभावना, म्हणजे समारंभपूर्वक वाटली जाणारी बक्षिसे, दिली जातात.

या पाठांतराचे मोल कमी लेखण्याचा येथे मुळीच हेतू नाही. ग्रंथ हाती नसलेल्या काळात ज्या परंपरेने आपले आगम शतकानुशतके मुखोद्गत ठेवले, तिच्यासाठी आम्नाय हा जगण्याचा आधार होता. आणि बालपणी पाठ झालेले सूत्र पन्नाशीत अर्थासह उलगडू शकते, हा अनुभव पुष्कळ श्रावक-श्राविकांचा आहे. अडचण एवढीच आहे की अर्थ उलगडण्याची वाट पन्नाशीपर्यंत पाहायला आजचा तरुण थांबत नाही. वसतिगृहात किंवा कार्यालयात सहकाऱ्याने कांदा-लसूण का खात नाही असे विचारले आणि घरच्या रिवाजापलीकडे उत्तर देता आले नाही, की दोन-तीन वर्षांत तो रिवाजही सुटतो. त्याला सूत्र पाठ असते, पण सूक्ष्म जीव, अनंतकाय (एका शरीरात अनंत जीव असलेल्या) वनस्पती आणि हिंसेची मर्यादा यांविषयी कोणाला कधी विचारण्याची संधी त्याला मिळालेली नसते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो शास्त्राधार घेऊनच येतो. सम्यग्दर्शन म्हणजे तत्त्वांवरील यथार्थ श्रद्धा, तिचे पहिले अंग निःशंकित, आणि शंका हा तिचा पहिला अतिचार म्हणजे दोष. मग तरुणांना प्रश्न विचारायला उत्तेजन देणे हे दोषाला आमंत्रण नव्हे काय, असे काही ज्येष्ठ कळकळीने विचारतात. या आक्षेपाचे उत्तर तत्त्वार्थसूत्रावरील आचार्य पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी या टीकेतच आहे. तेथे पृच्छनेचे प्रयोजन संशय दूर करणे किंवा जाणलेले पक्के करणे असे सांगितले आहे. म्हणजे ज्याला संशय आला आहे त्याने विचारावे हे टीकाकाराने गृहीतच धरले आहे, आणि त्या विचारण्याला तपाचा दर्जा दिला आहे. मनातल्या मनात कुजत ठेवलेली शंका श्रद्धेला पोखरते, तर गुरूसमोर मांडलेली शंका श्रद्धेकडे नेते, असा हा शास्त्रीय विवेक आहे. तोंड बंद ठेवलेल्या तरुणाला निःशंक समजणे ही शास्त्राची चुकीची अंमलबजावणी ठरते.

परंपरेची स्मृतीही याला साक्ष आहे. श्वेतांबर परंपरेनुसार भगवान महावीरांचे अकराही गणधर, म्हणजे प्रमुख शिष्य, मूळचे वेदविद्येत पारंगत ब्राह्मण पंडित होते आणि प्रत्येकाच्या मनात एकेक तात्त्विक संशय होता. इंद्रभूती गौतमाला जीवाच्या अस्तित्वाविषयीच संशय होता. इतरांना कर्म, परलोक, बंध-मोक्ष, देव-नारक यांविषयी होता. जिनभद्रगणींच्या विशेषावश्यकभाष्यातील गणधरवाद हे प्रकरण या संशयांनाच वाहिलेले आहे. भगवतीसूत्र या विशाल आगमाची रचना मुख्यत्वे गौतमाच्या प्रश्नांवर आणि भगवंतांच्या उत्तरांवर उभी आहे. दिगंबर पुराणांत हीच भूमिका मगधनरेश श्रेणिक बजावतो: तो गौतम गणधरांना विचारतो आणि त्या विचारण्यातून संपूर्ण पुराणकथा वाहू लागते. ज्या धर्माचे पहिले श्रोते संशय घेऊन आले आणि ज्याचे ग्रंथ प्रश्नोत्तरांनी भरले आहेत, त्याच्या पाठशाळेत प्रश्न विचारणारा मुलगा आगाऊ ठरावा, ही गोष्ट मनाला लागण्यासारखी आहे.

तरुणांच्या मेळाव्यांनी पृच्छनेचे हे हरवलेले अंग परत आणण्याची शक्यता निर्माण केली आहे. ती शक्यता आपोआप प्रत्यक्षात येत नाही, आणि म्हणूनच या मेळाव्यांत जे घडते त्याकडे बारकाईने पाहिले पाहिजे. बहुसंख्य शिबिरांचा सर्वांत लोकप्रिय कार्यक्रम प्रश्नमंजूषा हा असतो. चोवीस तीर्थंकरांची लांछने कोणती, आठ कर्मांची नावे काय, अमुक तीर्थंकरांचे निर्वाण कोठे झाले, असे विचारले जाते, घंटा वाजते, गुण मिळतात, सभागृह टाळ्यांनी दुमदुमते. यात उत्साह आहे, परंतु पृच्छना नाही, कारण येथे प्रश्न संयोजकांचा असतो आणि तरुणाने केवळ पाठ केलेले उत्तर वेगाने सांगायचे असते. आम्नायच येथे नव्या पोशाखात वावरतो. मेळावा जिवंत आहे की केवळ गजबजलेला आहे हे ठरविण्याची कसोटी सोपी आहे: दिवसभरात तरुणांनी स्वतःहून किती प्रश्न विचारले, त्यांपैकी किती प्रश्नांचे उत्तर संयोजकांकडे तयार नव्हते, आणि त्या अनुत्तरित प्रश्नांचे पुढे काय झाले.

खेळ, चित्रे आणि कथा यांच्याविषयीची धास्ती मात्र निराधार आहे, कारण जैन परंपरेने ही साधने कधीच परकी मानली नाहीत. साप-शिडीच्या जातीचा ज्ञानबाजी हा पट गुजरात-राजस्थानातील जैनांमध्ये खेळला जात असे. त्यावरील घरांना पुण्य-पापांची आणि गतींची नावे असत, शिड्या सद्गुणांच्या, साप कषायांचे म्हणजे क्रोध-लोभासारख्या विकारांचे, आणि पटाच्या वरच्या टोकाला मुक्तीचे स्थान. मराठी मुलखात ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडला गेलेला मोक्षपट याच कुळातला आहे. लेश्या म्हणजे कषायांनी रंगलेली जीवाची भाववृत्ती. तिचे कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म आणि शुक्ल असे सहा प्रकार समजावण्यासाठी फळांनी लगडलेल्या झाडाखालच्या सहा माणसांचे चित्र मंदिरांच्या भिंतींवर आणि पोथ्यांत पिढ्यान्‌पिढ्या काढले गेले. एक मुळापासून झाड तोडू पाहतो, दुसरा बुंधा, तिसरा मोठी फांदी, चौथा डहाळी, पाचवा फक्त फळे तोडतो आणि सहावा खाली पडलेली वेचतो. हे चित्र समोर ठेवून विशीतल्या मुलांना आपापल्या घरातल्या पाण्याचा, विजेचा, कपड्यांचा वापर या सहांपैकी कोणासारखा आहे असे ठरवायला सांगितले, तर ती चर्चा तासाभरात संपत नाही.

इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे उद्योतनसूरींनी पूर्ण केलेली कुवलयमाला ही प्राकृत कथा तर या बाबतीत आदर्शच म्हणावी लागेल. क्रोध, मान, माया, लोभ आणि मोह यांनी ग्रासलेल्या पाच माणसांच्या जन्मोजन्मीच्या प्रवासातून ती कषायांचा सिद्धांत उभा करते, आणि तेही प्रेम, समुद्रप्रवास, फसवणूक, पश्चात्ताप असे सारे रंग वापरून. ती मुख्यतः महाराष्ट्री प्राकृतात लिहिलेली आहे आणि तिच्यात निरनिराळ्या प्रांतांतील लोकांच्या वर्णनात मरहट्टेही येतात, हे मराठी तरुणांना कळले तर प्राकृत ही दूरची भाषा राहणार नाही.

भाषेचा मुद्दा येथेच येतो आणि तो महाराष्ट्राच्या संदर्भात फार मोलाचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४४.५ लाख जैनांपैकी सुमारे १४ लाख, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश, महाराष्ट्रात राहतात. त्यांत गुजराती आणि मारवाडी बोलणारी व्यापारी घराणी आहेत, तशीच दक्षिण महाराष्ट्रातील चतुर्थ, पंचम, सैतवाळ, कासार अशी पिढ्यान्‌पिढ्या मराठी किंवा कन्नड बोलणारी शेतकरी आणि कारागीर कुटुंबेही आहेत. या दुसऱ्या समाजाने १८९९ मध्ये स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन केली, जी पुढे दक्षिण भारत जैन सभा म्हणून ओळखली गेली. सभेने वसतिगृहे काढली, प्रगति आणि जिनविजय हे मुखपत्र चालविले, आणि वीर सेवा दलाच्या तरुणांनी गावोगावी पाठशाळा उभ्या केल्या. कारंजा येथे १९१८ मध्ये सुरू झालेला महावीर ब्रह्मचर्याश्रम, त्यानंतर कुंभोजजवळच्या बाहुबली येथील आश्रम, सोलापूरचा श्राविकाश्रम आणि जीवराज जैन ग्रंथमाला या सर्वांनी मराठीतून आणि मराठी माणसांसाठी धर्मशिक्षणाचा पाया घातला. कुंभोज हेच कर्मवीर भाऊराव पाटलांचे जन्मगाव. जैन शेतकरी घरात वाढलेल्या या माणसाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना करून शिक्षण हेच आपले व्रत केले.

इतका वारसा असूनही आज पाठशाळांच्या हाती पडणारी पाठ्यपुस्तके, चित्रफिती आणि शिबिरांची व्याख्याने बहुतांशी हिंदीत असतात. हिंदी समजते, यात वाद नाही. परंतु समजणे आणि विचारणे यांत अंतर आहे. संकोची स्वभावाचा शिरोळ तालुक्यातला तरुण हिंदीतले व्याख्यान नीट ऐकतो, मान डोलावतो आणि गप्प राहतो, कारण मनातली अडचण परक्या भाषेत मांडायला लागणारे धैर्य त्याच्यापाशी नसते. तीर्थंकरांच्या समवसरणात, म्हणजे दिव्य धर्मसभेत, प्रत्येक जीवाला उपदेश आपापल्या भाषेत समजत असे, अशी जैनांची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेचा मान राखायचा तर सांगलीच्या सभागृहात मराठीला, निपाणीकडे कन्नडला आणि मुंबईच्या उपनगरांत गुजरातीलाही विचारण्याची भाषा म्हणून स्थान मिळायला हवे. मराठीत सामग्री नाही ही सबब टिकणारी नाही. पंधराव्या शतकातील गुणकीर्तींचे धर्मामृत आणि गुणदासांचे श्रेणिकचरित्र यांच्यापासून प्राचीन मराठी जैन साहित्याची अखंड परंपरा आहे, आणि श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी ती मूर्ती घडवून घेणाऱ्या चामुंडरायाचे नाव मराठीतही कोरलेले आहे.

आपल्या भाषेत बोलू लागलेला तरुण काय विचारतो याचा विचार केला, म्हणजे पृच्छनेला घाबरण्याचे कारण नसून तिच्यासाठी कसून तयारी करण्याचे कारण आहे, हे लक्षात येते. शेतकरी घरातल्या मुलाचा पहिला प्रश्न बहुधा फवारणीविषयी असतो. द्राक्षबागेला एका हंगामात अनेक वेळा औषध मारावे लागते, प्रत्येक फवारणीत असंख्य कीटक मरतात, आणि रविवारी तोच मुलगा अहिंसाणुव्रताचा, म्हणजे गृहस्थाच्या मर्यादित अहिंसाव्रताचा, पाठ ऐकतो. श्रावकाचाराच्या ग्रंथांत याचे उत्तर आहे, पण ते एका वाक्यात मावत नाही. श्रावकाच्या संदर्भात हिंसेचे चार प्रकार सांगितले जातात: ठरवून, मारण्याच्या हेतूने केलेली संकल्पी, स्वयंपाक-झाडलोट अशा घरकामात घडणारी आरंभी, उपजीविकेच्या उद्योगात घडणारी उद्योगी, आणि स्वतःच्या किंवा आश्रितांच्या रक्षणासाठी करावी लागणारी विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग करावा आणि बाकीच्या तीन यत्नपूर्वक कमी कराव्यात, अशी ही मांडणी आहे. मग फवारणी उद्योगी की संकल्पी? कीड मरावी हाच तर तिचा हेतू असतो, असा प्रतिप्रश्न हुशार मुलगी लगेच करील. जिनसेनाचार्यांच्या नवव्या शतकातील आदिपुराणात ऋषभदेवांनी प्रजेला असी (शस्त्र), मसी (लेखन), कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली असे वर्णन आहे, म्हणजे शेतीला थेट आदिनाथांची मान्यता आहे. उलट श्वेतांबर श्रावकाचारात वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत, म्हणजे फार हिंसा घडविणाऱ्या व्यवसायांत, जमीन फोडण्याच्या कामाचाही समावेश होतो. दोन्ही वचने समोर ठेवून, कृषी विज्ञान केंद्रातील एखाद्या जाणकाराला शेजारी बसवून, सापळे, मित्रकीटक, निंबोळी अर्क आणि फवारण्यांची संख्या कमी करण्याचे मार्ग यांवर जर रविवारची एक संपूर्ण सकाळ खर्च झाली, तर अहिंसाणुव्रत त्या तरुणाच्या बागेपर्यंत पोहोचेल. असा एक रविवार दहा प्रश्नमंजूषांहून मोलाचा आहे, असे या पत्राचे ठाम मत आहे.

असाच दुहेरी प्रश्न एका हत्तिणीच्या निमित्तानेही उभा राहिला. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानुसार नांदणी येथील जैन मठातील महादेवी हत्तीण गुजरातमधील वनतारा केंद्रात नेण्यात आली, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातील हजारो लोक, आणि त्यांत जैनेतरही, रस्त्यावर उतरले. मठाशी आणि त्या मुक्या जीवाशी असलेला लोकांचा जिव्हाळा खरा होता. त्याच वेळी बंदिस्त प्राण्याचे आरोग्य, त्याचे स्वातंत्र्य आणि मिरवणुकीतला त्याचा वापर यांविषयी उपस्थित झालेले प्रश्नही खरे होते, आणि पहिल्या अणुव्रताच्या अतिचारांत बंध म्हणजे जीवाला बांधून ठेवणे याची गणना होते, हे पाठशाळेत शिकलेल्या मुलांना ठाऊक होते. या विषयावर तरुणांनी दोन्ही बाजूंनी बोलावे, कोणी कोणाला धर्मद्रोही म्हणू नये, आणि शेवटी एकमत न होताही सर्वांनी एकत्र जेवावे, अशी बैठक घेण्याचे धैर्य पाठशाळांनी दाखवायला हवे.

शहरी तरुणांचे प्रश्न निराळे असतात. रात्रिभोजनत्याग आणि उशिरापर्यंतची नोकरी यांचा मेळ कसा घालावा, औषधनिर्मितीतील प्राण्यांवरच्या प्रयोगांचे काय, २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखनेला, म्हणजे आहार क्रमाक्रमाने सोडून मरण स्वीकारण्याच्या व्रताला, आत्महत्येच्या पंक्तीत बसविले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली, त्यामागची भूमिका कोणती, हे त्यांना समजून घ्यायचे असते. काही प्रश्न विश्वस्त मंडळांनाच झोंबणारे असतात. परिग्रहपरिमाण म्हणजे आपल्या मालमत्तेला स्वतः मर्यादा घालण्याचे व्रत. ते शिकविणाऱ्या मंदिरात अभिषेकाचा मान लिलावाच्या बोलीने का ठरतो, असे एखादा विशीतला मुलगा विचारतो तेव्हा सभागृहात शांतता पसरते. या प्रश्नाचेही प्रामाणिक उत्तर आहे, कारण बोलीतून मंदिराचा खर्च चालतो आणि दानाला सार्वजनिक प्रतिष्ठा मिळते. ते उत्तर मुलाला पटेल की नाही ही पुढची गोष्ट, पण ते विश्वस्तांनी स्वतः येऊन द्यावे.

अनेकांताच्या शिक्षणाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. वस्तू अनंत धर्मांची असते आणि एका विधानात तिचा एकच पैलू पकडता येतो, हा अनेकांतवाद. असे प्रत्येक विधान कोणत्या अपेक्षेने केले आहे हे सांगूनच करावे, हा स्याद्वाद. शिबिरांत हा विषय हत्ती आणि सहा आंधळ्यांच्या गोष्टीवर आटोपला जातो आणि तरुण त्यातून सगळ्यांचे सगळेच बरोबर असते एवढा सैल निष्कर्ष घेऊन घरी जातात. अकलंकांसारख्या आचार्यांनी प्रतिपक्षाची बाजू बारकाईने मांडून, तिचे दोष दाखवून जी न्यायपरंपरा घडविली तिच्याशी हा निष्कर्ष जुळत नाही. नय म्हणजे वस्तूकडे पाहण्याचा विशिष्ट दृष्टिकोन. नैगमापासून एवंभूतापर्यंत सात नय सांगितले आहेत. एखादा वादविषय घेऊन कोणाचे म्हणणे कोणत्या नयातून येते हे तरुणांना ओळखायला लावणे ही अवघड पण अत्यंत रंगणारी कसरत आहे, आणि विरुद्ध मत मांडणाऱ्याला समाधान वाटेल इतक्या नेमकेपणाने त्याचे मत पुन्हा सांगता आल्याशिवाय आपले मत मांडायचे नाही, असा नियम घातला तर वादाचा सूरच बदलतो.

हीच शिस्त जैनांच्या आपसांतल्या मतभेदांना लावणे गरजेचे आहे. शहरांतील मेळाव्यांत दिगंबर, श्वेतांबर मूर्तिपूजक, स्थानकवासी आणि तेरापंथी घरांतील मुले एकत्र येतात, ही आनंदाची गोष्ट आहे; पण एकोपा टिकावा म्हणून मतभेदांचा उच्चारच टाळला जातो. स्त्रीपर्यायातून मोक्ष शक्य आहे काय, केवलज्ञान झालेले भगवंत आहार घेतात काय, मूळ आगम शिल्लक आहेत काय, यांवर दोन्ही परंपरांनी शतकानुशतके गंभीर ग्रंथरचना केली आहे. वाशीम जिल्ह्यातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिराचा वाद कित्येक दशके न्यायालयांत राहिला, हेही तरुणांपासून लपलेले नाही. मतभेद कशावर आहेत हे शांतपणे शिकविले गेले, तर पुढची पिढी कुलूप आणि कोर्ट यांच्याऐवजी ग्रंथ उघडण्याची शक्यता वाढते.

हे सर्व शिकवायचे कोणी, हा प्रश्न अखेर मंडळांच्या दारीच येतो. गावोगावच्या पाठशाळा मुख्यत्वे स्त्रिया चालवितात. घरकाम, शेती किंवा नोकरी सांभाळून रविवारची सकाळ देणाऱ्या या ताई-दीदींना मानधन असलेच तर नावापुरते असते, आणि पाठशाळेविषयीचे निर्णय घेणाऱ्या बैठकीत त्यांना क्वचितच बोलावले जाते. त्यांना ग्रंथ विकत घेता यावेत, वर्षातून काही दिवस प्राकृत-संस्कृत जाणणाऱ्या अभ्यासकांकडे बसता यावे आणि उत्तर येत नसेल तेथे तसे सांगण्याची मोकळीक असावी, याची तजवीज करणे अवघड नाही. निधीची एक खरी अडचण मात्र मान्य करायला हवी. श्वेतांबर व्यवस्थेत दान सात क्षेत्रांत विभागलेले असते; जिनबिंब आणि जिनमंदिर यांच्यासाठी आलेले देवद्रव्य अन्य कामाला वापरता येत नाही, ज्ञानद्रव्यालाही मर्यादा आहेत, आणि श्रावक-श्राविकांच्या कामी येणारे साधारण खाते बहुतेक ठिकाणी रिकामे असते. ही मर्यादा मोडावी असे कोणी म्हणत नाही. साधारण खात्यासाठी आणि दिगंबर परंपरेतील शास्त्रदानासाठी आवाहन करताना पंचकल्याणक मूर्तिप्रतिष्ठेच्या वेळी जितका उत्साह दाखविला जातो तितका दाखविणे मात्र मंडळांच्या हाती आहे.

परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, जैन संघांच्या पाठशाळा रविवारीच भरतात. तेथे आसपास सहसा साधू-साध्वी नसतात, मुलांना आपली ओळख शाळासोबत्यांना सतत समजावून द्यावी लागते, आणि त्यामुळे प्रश्नोत्तरांवर भर देण्यावाचून गत्यंतर नसते. त्यांचे अनुकरण करण्याची महाराष्ट्राला गरज नाही. येथे चातुर्मासात साधू-साध्वी गावात मुक्कामाला असतात, बाहुबलीसारखी क्षेत्रे आणि वेरूळची ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी काही तासांच्या अंतरावर आहेत, आणि शेतावरून थेट पाठशाळेत येणारे तरुण आहेत. इतकी अनुकूलता अन्यत्र क्वचितच असेल.

येत्या चातुर्मासापासून प्रत्येक पाठशाळेत एक प्रश्नवही ठेवावी, अशी मंडळांना विनंती आहे. तरुणांनी तीत नाव घालून किंवा न घालता प्रश्न लिहावेत; दर महिन्याच्या एका रविवारी, गावात विराजमान साधू-साध्वींच्या किंवा अभ्यासकांच्या उपस्थितीत, ते वाचले जावेत; ज्यांचे उत्तर मिळाले नाही ते पुढच्या महिन्याच्या पानावर पुन्हा उतरवावेत, गाळू नयेत. त्या रविवारी व्यासपीठावर खुर्च्या मांडू नयेत. विश्वस्तांनीही सतरंजीवर तरुणांच्या मधोमध बसावे, आणि वहीत निदान एक प्रश्न स्वतःचा लिहावा.